आधी ताणा, मग बाणा

आमच्या घरात कुठल्याही साडीचं नाव दोन रंगांनी घेतलं जायचं, आणि त्या दोन रंगांची अदलाबदल दादांना अजिबात खपायची नाही. आधी उभ्या धाग्याचा रंग, म्हणजे ताणा. मग आडव्या धाग्याचा, म्हणजे बाणा. ‘डाळिंबी-पोपटी’ म्हटलं की मागावर डाळिंबी धागे ताणलेले आणि त्यांच्यातून पोपटी धागा इकडून तिकडे जाणारा. ‘पोपटी-डाळिंबी’ ही वेगळीच साडी. बाण्याचा रंग वर बसतो, ताण्याचा आतून चमकतो, आणि पदरात आडवा धागा जरीचा येत असल्यामुळे तिथे जरीमागून एकट्या ताण्याचाच रंग डोकावतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन रंग एकमेकांत मिसळले, संपलं. कुठला आधी नि कुठला नंतर, काय फरक पडतो? असं कुणी बोललं की त्याने चपला घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकावं तसे दादा त्याच्याकडे बघत. दादा म्हणजे माझे वडील, येवल्याचे पैठणीचे विणकर. माग नाशिकच्या मेन रोडवरच्या शेटजींचा, रेशीमही त्यांचंच, हात आमचे.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून हातमाग बसवलेला आणि दादा त्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसलेले. मागच्या खोलीत चूल, धान्याचे डबे, देव आणि आम्ही. फणीचा ठोका, पायाखालच्या पावडीची करकर, आईच्या रहाटाची घरघर, या आवाजांत मी वाढले. अभ्यास करताना आवाज असला की मला बरं वाटायचं. ठोका थांबला की मी आणि आई दोघी एकदमच मान वर करायचो. रेशीम वास धरतं म्हणून फोडणी मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला. दुपारी भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी आणि कांद्याची पात. जेवल्यावर दादा हात धुऊन, पुसून, पुन्हा राखेने चोळून मगच मागाला शिवायचे. आमच्याकडे देवाला ओल्या हाताने फूल वाहिलेलं चालायचं, पण रेशमाला ओलं बोट लागलेलं चालायचं नाही.

या घरात खुंटीवर एक फडकं टांगलेलं असे. त्याला वानगी म्हणत. सात रंगांचे उभे पट्टे ताण्यात, तेच सात रंग त्याच क्रमाने बाण्यात. डाळिंबी, अबोली, हळदी, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी, वांगी. जिथे जो पट्टा ज्या पट्ट्याला ओलांडतो तिथे एक चौकोन, असे सगळे मिळून एकोणपन्नास चौकोन. एका कोपऱ्यात डाळिंबीवर डाळिंबी, समोरच्या कोपऱ्यात वांगीवर वांगी, आणि त्या दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या तिरक्या ओळीत सगळे निखळ रंग. बाकीच्या प्रत्येक चौकोनात दोन रंगांची संगत. शेटजींच्या दुकानातही अशीच वानगी होती, माझ्या आजोबांनी विणलेली. मोठी साडी सांगायची असली की गिऱ्हाइकाने वानगीवर बोट ठेवायचं आणि विणकराने तो चौकोन बघून मोठ्याने बोलायचं, आधी ताणा, मग बाणा. शेटजी ‘बरोबर’ म्हणत आणि मगच रेशीम बांधून देत. कागद नाही, सही नाही. ‘बोट ठेवणं’ म्हणत याला, आणि बोट ठेवलेली साडी कुठल्या विणकराने चुकवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी दहावीत होते. गणिताच्या बाईंनी एके दिवशी फळ्यावर एक संच लिहिला आणि म्हणाल्या, आज याला यानेच गुणायचं. वर्ग हसला. संख्येला संख्येने गुणतात, संचाला कसं गुणणार? बाईंनी ओळी आणि रकाने आखले आणि प्रत्येक घरात दोन-दोन अक्षरं कंसात लिहीत गेल्या. म्हणाल्या, कंसात पहिलं कोण आणि दुसरं कोण याला महत्त्व आहे. अ, ब वेगळी जोडी आणि ब, अ वेगळी. मग विचारलं, एखादी जोडी राहिली का? कुणालाच सुचेना. मी जागेवरूनच ओरडले, “बाई, अ-अ राहिलं! तिरकी ओळ राहिली!” बाईंनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या खुंटीवर टांगलंय. वर्ग पुन्हा हसला, पण बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी मी हे दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी बाण्याचा धोटा हातात तसाच धरून विचारलं, “आन् येवढं शिकवायला पगार देत्यात व्हय गं त्यांना?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत राहिले. पुढे मी गणित शिकवून आयुष्यभर तोच पगार घेतला, तेव्हा तो विनोद त्यांनी मला दर दिवाळीला ऐकवला.

त्याच सुमारास मांजराने दादांचं बिंग फोडलं. मागाशेजारी लाकडी खोका असे, त्याला कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकेका रंगाच्या कांड्या, म्हणजे बाण्याचा धागा गुंडाळलेल्या नळ्या. त्या आई भरून ठेवायची. मांजराने उंदरामागे उडी घातली आणि खोका पालथा केला. आई नदीवर गेली होती. दादांनी कांड्या गोळा केल्या, कप्प्यांत टाकल्या आणि कामाला लागले. मी शाळेतून आले तर पदरावरच्या मोराची मान वांगी रंगाची झालेली. मला वाटलं, नवीन काही करतायत. आई आली, तिने पदराकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि दादांना जेवायला आत पाठवलं. मग खड्ड्याच्या काठावर बसून सुईने ती मान उसवत बसली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “कप्प्यांची जागा बदलू नको कधी. त्यांना जागा कळती. रंग नाय कळत.”

तेव्हा मला सगळं एकदम उलगडलं. संध्याकाळी दादा कंदिलाच्या उजेडात काम का करत नव्हते, बाजारात हिरवी आणि पिकली केळी का चाचपून बघत होते, माझ्या निळ्या पोलक्याला ‘काळं पोलकं’ का म्हणत होते. डोळ्यांत मोतीबिंदू होता. लाल, पिवळं, पांढरं दिसायचं. मोरपंखी, चिंतामणी, वांगी यांचा एकच अंधार झालेला. येवल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पिकत आलाय, काढून टाका, लांबवलात तर नजर कायमची जाईल. दादा हो म्हणून घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. आमच्या गल्लीतला एक विणकर शिबिरात डोळा करायला गेला होता. डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गमावून परत आला. आला तोवर त्याचा माग दुसऱ्याच्या घरात बसलेला. दादांच्या मनात डोळ्याला सुरी लागण्याची भीती जास्त होती की माग जाण्याची, हे मला आजही सांगता येणार नाही. आईने विषय काढला की ते म्हणत, “एवढी साडी व्हऊ दे,” आणि ती साडी झाली की पुढची साडी असेच.

मग शेटजींचा निरोप आला. नाशिकच्या एका घरचं लग्न, नवरीची पैठणी, मोठं काम. नवरी स्वतः दुकानात येणार होती, दादांनी चौकोन सांगायला यावं. निरोप आणणाऱ्या माणसाने जाता जाता पुस्ती जोडली, “मागच्या पदराचं शेटजींच्या कानावर आलंय. तुम्ही स्वतः या, म्हणालेत.” उसवलेली मान कुणीतरी दारातून पाहिली असणार; गल्लीला काही लपत नाही. तो गेला आणि आई भिंतीला टेकून खाली बसली. बोट ठेवताना चूक झाली तर माग जाणार, हे कुणी मोठ्याने बोलण्याची गरज नव्हती. माग गेला तर दादा कोण राहणार होते? त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

युक्ती माझी. मी खुंटीवरची वानगी काढून जमिनीवर अंथरली आणि म्हटलं, “दादा, रंग नका बघू. जागा बघा.” डाळिंबीचा कोपरा त्यांना लख्ख दिसायचा. तो डाव्या हाताला वरती घ्यायचा. तिथून बोटाच्या चौकोनापर्यंत उजवीकडे जितके पट्टे, तो ताणा. खाली जितके, तो बाणा. सात रंगांचा क्रम तर त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. फडकं उलटं पडू नये म्हणून एकच खूण: कापडाचे विणलेले काठ नेहमी ताण्याच्या बाजूने धावतात, तेव्हा काठ डाव्या-उजव्या हाताला आले पाहिजेत. अंगठ्याने चाचपलं की कळतं. दादांनी पहिल्यांदा मला वेड्यात काढलं, मग एकदा करून बघितलं, मग पुन्हा एकदा. रोज शाळेतून आले की मी कुठेही बोट ठेवायची आणि ते मान तिरकी करून, डोळे किलकिले करून, जणू रंगच न्याहाळतायत असा आव आणून सांगायचे, “चिंतामणी ताणा, पोपटी बाणा.” बरोबर आलं की दोघंही खिदळायचो. तो आव मी शिकवलेला नव्हता, तो त्यांचा स्वतःचा.

आईला मात्र ते बघवेना. एकदा तिने परातीतलं पीठ तसंच सोडून पुढच्या खोलीत येऊन वानगी ओढून घेतली. मला म्हणाली, “हुशार हायेस ना लय? मग त्यांना दवाखान्यात न्यायची हुशारी कर. तू त्यांना वाट नाय दाखवत, लपायला जागा देतीस.” दादा म्हणाले, “पोरीला नको बोलू.” आई म्हणाली, “तुम्हाला बोलून दमले म्हणून तिला बोलते.” पिठाच्या हातांचे ठसे त्या फडक्यावर उमटले आणि मी ते झटकत बसले. मला आईचा भयंकर राग आला होता. गणितात मला काहीतरी सापडलं होतं आणि ते घराच्या उपयोगी पडत होतं, हे तिला दिसू नये? तिला त्याच्या पुढचं दिसत होतं, हे कळायला मला नाशिकला जाऊन यावं लागलं.

परवा माझ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी गेले, दुपारी गंगापूर रोडला लेकाच्या घरी येऊन चहा प्याले. नात मोबाईलवर खेळत होती, तिने मान वर करून विचारलं, “आजी, दुखलं?” मी म्हटलं, नाही गं. तिने पुन्हा मान खाली घातली. एवढंच. दादांच्या वेळी त्यात किती भीती होती हे तिला कसं सांगायचं, आणि का सांगायचं, म्हणून हे लिहायला बसले.

नाशिकला जायच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. मला वह्या-पुस्तकं घ्यायची आहेत असं गल्लीत सांगितलेलं; खरं म्हणजे दादांना बसची पाटी वाचता येत नव्हती. त्यांनी धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी घातली होती. वाटेत ते ओठांतल्या ओठांत रंगांचा क्रम म्हणत होते. मेन रोडला दुकानाच्या पायरीशी त्यांनी माझा हात सोडला आणि सरळ चालत आत गेले. आत पांढरी गादी, गादीवर शेटजी, त्यांच्यासमोर नवरी आणि तिची आई. मी भिंतीला लागून बसले. शेटजींनी दादांना पाणी दिलं, घरचं विचारलं. मग नोकराला म्हणाले, “वानगी आण.”

नोकराने कपाटातून फडकं काढून झटक्यात गादीवर पसरलं. डाळिंबीचा कोपरा दादांच्या डाव्या हाताला, वरती. घरी घ्यायचो तसाच. दादांचा अंगठा कापडाच्या कडेला गेला आणि तिथेच थबकला. फडकं जुनं झालं होतं, उसवायला लागलं होतं, म्हणून शेटजींनी चारही बाजूंनी पट्टी शिवून घेतली होती. काठ आत दडलेले. अंगठा पट्टीवरून खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. विणकाम दोन्ही अंगांनी सारखं. फडकं उलट बाजूने अंथरलं तरी डाळिंबीचा कोपरा डाव्या हाताला येऊ शकतो, फक्त उभे पट्टे आडवे होतात आणि आडवे उभे. घरी हे आम्ही कधी करूनच पाहिलं नव्हतं, कारण घरच्या फडक्याला काठ होते.

“काका, हा,” नवरी म्हणाली आणि तिने बोट ठेवलं. उजवीकडे पाचवा, खाली सातवा.

मला तो चौकोन भिंतीपासून दिसत होता. वर मोरपंखी बसलेला, आणि ती कापड जराशी हलवायची तेव्हा आतून वांगी चमकायचा. वर बसतो तो बाणा. आतून चमकतो तो ताणा. मला ओरडावंसं वाटलं. दादांनी मान तिरकी केली, डोळे किलकिले केले, वेळ घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मोरपंखी ताणा, वांगी बाणा.”

नवरीच्या आईला यातलं काही कळत नव्हतं, ती शेटजींकडे बघत होती. शेटजी दादांकडे बघत होते. मग शेटजींनी फडक्याची घडी घातली आणि म्हणाले, “बरोबर.”

दादांचे खांदे सैल झाले. नवरी हसली. शेटजी स्वतः उठून आतल्या खोलीत गेले. एरवी हे काम नोकराचं. बऱ्याच वेळाने रेशमाचं गाठोडं घेऊन आले, दादांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “सावकाश विणा, एकनाथराव. घाई नाही.” मी स्वतःला समजावत होते, मी लांब होते, उजेड तिरका होता, माझंच चुकलं असेल. शेटजींची हयात रंगांत गेली, ते कसे चुकतील?

स्टँडवर दादांनी मला चिवडा घेऊन दिला. कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. बस सुटल्यावर म्हणाले, “बघितलंस? तुझ्या बाईंना सांग, आमच्या घरी लय उपयोग झाला म्हणावं.” मग म्हणाले, “आता डोळ्याची काय घाई नाय. चालतंय.” गाठोडं माझ्या मांडीवर होतं. मी गाठ थोडी सैल केली. आत दोन लडी. ताण्याचं रेशीम पिळाचं असतं, बोटाला दोऱ्यासारखं लागतं. बाण्याचं सैल आणि मऊ. आमच्या घरातल्या पोरीला हे अक्षरांच्या आधी कळतं. मी एका लडीवर बोट फिरवलं. पिळाची. ती खिडकीच्या उजेडात धरली. वांगी.

शेटजींनी ऐकलं होतं. चूक ओळखली होती. ‘बरोबर’ म्हणाले होते, आणि आत जाऊन रेशीम मात्र खऱ्या क्रमाने बांधून दिलं होतं. दादा हाताने पीळ ओळखून ताणा लावणार, साडी नवरीने बोट ठेवली तशीच होणार, आणि त्यांना कधीच कळणार नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. माग राहणार, काम मिळणार. शेटजींनी आमच्यावर उपकार केला होता, आणि मला त्यांचा इतका राग आला की चिवड्याचा पुडा मी तसाच बांधून ठेवला. लहान मुलाने अर्धवट म्हटलेल्या पाढ्याला आपण ‘शाबास’ म्हणतो ना, तसं ते माझ्या वडिलांना म्हणाले होते. आणि दादा त्या शब्दावर विसंबून डोळे घालवून बसणार होते. आईचं बोलणं तेव्हा मला समजलं.

निफाड आलं. बस थांबली, कांद्याच्या पिशव्या घेऊन बायका चढल्या, कंडक्टर तिकिटं फाडत पुढे गेला. मी म्हटलं, “दादा, तुम्ही उलटं सांगितलंत.”

“काय उलटं?”

“ताणा वांगी हाय. तुम्ही मोरपंखी म्हणालात. फडकं उलटं अंथरलं व्हतं.”

“शेटजी बरोबर म्हणले की.”

“म्हणले. पण बघा,” मी म्हटलं आणि लड त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धागा फिरवला. “पिळाचं हाय,” ते म्हणाले. “रंग कोणता?”

“वांगी.”

“नीट बघ.”

“वांगीच हाय, दादा.”

त्यांनी दुसरी लड घेतली, ती सैल लागली, आणि तिचा रंग त्यांनी विचारला नाही. दोन्ही लडी मांडीवर ठेवून ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. कंडक्टरने घंटा मारली. बस हलली तशी दादा उभे राहिले आणि गाडी थांबवा म्हणून इतक्या मोठ्याने ओरडले की सगळे वळून बघायला लागले. आम्ही उतरलो, रस्ता ओलांडला आणि नाशिककडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. ऊन होतं. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. मग विचारलं, “तुला दुकानातच दिसलं व्हतं?” मी हो म्हटलं. “मग तिथं का नाय बोललीस?” मी म्हटलं, “तुम्ही लय खूश झाला व्हता.” त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. गाडी आली तेव्हा त्यांनी स्वतःहून माझा खांदा धरला, आणि दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हाही तो सोडला नाही.

शेटजी देवापुढे दिवा लावत होते. आम्हाला बघून त्यांचा हात तसाच राहिला. दादांनी गाठोडं गादीवर ठेवलं.

“शेटजी, मी उलटं बोललो. तुम्ही बरोबर म्हणलात.”

“अहो, बसा तरी, एकनाथराव.”

“नाय बसत. का म्हणलात?”

शेटजींनी मान खाली घातली. त्यांचंही वय झालेलं होतं. “तुमच्या वडिलांनी विणलेलं फडकं आहे ते,” ते म्हणाले. “त्याच्यासमोर, परक्या माणसांदेखत तुम्हाला चूक म्हणायला जीभ रेटेना. आणि रेशीम बरोबर दिलंय ना मी? तुमच्या हाताला कळतंय. साडी बरोबर होईल.”

“साडी व्हईल. माझं काय?” दादा म्हणाले. “आता म्हणा चूक. परकं कुणी नाय हितं. म्हणा एकदा.”

शेटजी म्हणेनात. दादा हलेनात. रस्त्यावरून रिक्षा, सायकली जात होत्या, कुणीतरी दारात येऊन आत बघून गेलं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. शेवटी शेटजींनी वर बघितलं आणि म्हणाले, “चुकलं, एकनाथराव. तुम्ही चुकलात.”

दादांनी मान हलवली, जणू कुणी त्यांचं थकलेलं येणं त्यांना परत केलं. “ही साडी दुसऱ्याला द्या,” ते म्हणाले. “मी डोळे करून घेतो. आलो की माझ्यापुढं पुन्हा फडकं टाका, कसं बी टाका. तवा चुकलो तर माग घेऊन जा.”

“आणि बरोबर आलं तर?” शेटजींनी विचारलं.

“तर काय बी बोलू नका. मला दिसंल.”

नाशिकच्याच दवाखान्यात आधी एक डोळा झाला, मग दुसरा. महिनोन्‌महिने माग रिकामा होता, आई लोकांच्या कांड्या भरून देत होती, आणि शेटजींनी मागाला हात लावला नाही. जाड भिंगांचा चष्मा लावून दादा एके सकाळी त्या गादीसमोर बसले, मी पुन्हा भिंतीपाशी. शेटजींनी फडकं पसरलं. डाळिंबीचा कोपरा कुठे आहे हे दादांनी बघितलंसुद्धा नाही. शेटजींनी बोट ठेवलं, दादा वाकले, आणि त्यांनी आधी ताणा सांगितला, मग बाणा. शेटजी एक शब्द बोलले नाहीत. उठले, आतल्या खोलीत गेले आणि रेशीम घेऊन आले.